पुडीतलं गणित आणि व्याह्यांचा फोन

माझ्या थोरल्या लेकीचं दुसरं बाळंतपण तिच्या सासरी करायचं ठरलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त काळजी मी केली आणि सगळ्यात जास्त हसंही माझंच झालं. दोन्हीला कारण एकच, मला येत असलेलं अर्धंमुर्धं गणित.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं आमच्याकडं झालं होतं. त्या वेळी कळा लागल्यावर घरीच वाट बघण्यात वेळ गेला, लेकीचं फार रक्त गेलं, पोरगी पांढरीफटक पडली. सुटी देताना हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि बजावलं, "पुढच्या वेळी पहिली कळ आली की निघायचं. अजून थोडं बघू, असं म्हणायचं नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

पण विहीणबाई म्हणाल्या, पहिलं तुमच्याकडं झालं, दुसरं आमच्याकडं. त्यांचंही बरोबर होतं. त्यांचं गाव सेनगावहून आत, डांबरी सोडून खडीच्या रस्त्यानं. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक, तीही तिच्या मनात असली तर. घरात शेळ्यामेंढ्या. जावई मेंढरं घेऊन लांब चराईला गेलेले, म्हणजे घरी व्याही, विहीणबाई, माझी लेक आणि तिची पहिली पोरगी. गावात गाडी कुणाकडंच नाही. गाडी आमच्याकडं. आमचे मालक सेनगाव-हिंगोली काळीपिवळी जीप चालवायचे आणि जीपच्या अड्ड्यासमोरच माझं किराणा दुकान. म्हणजे लेक तिकडं, जीप इकडं, आणि मधे निरोप. निरोप वेळेवर पोचला तर लेक वेळेवर पोचणार. बास, एवढीच गोष्ट आहे. पण ती सांगायची तर मला रद्दीपासून सुरुवात करावी लागते.

त्याच्या बऱ्याच आधी, नव्वदनंतरच्या त्या वर्षांत, आमच्याकडं प्लास्टिकच्या पिशव्या इतक्या शिरल्या नव्हत्या. साखर असो, जिरं असो, कागदाच्या पुडीत जायचं. रद्दी किलोवर यायची, आणि पुडी वळायच्या आधी कागद वाचायची मला खोड. सातवीनंतर शाळा सुटली, वाचायची हौस मात्र सुटली नाही. पंचांगं वाचली, निवडणुकीची पत्रकं वाचली, कुणाच्या तरी लग्नाच्या उरलेल्या पत्रिका वाचल्या. आणि एक दिवस त्या ढिगातून एक पुस्तक निघालं. कव्हर नाही, सुरुवातीची पानं नाहीत. मधेच एक प्रश्न: समोरच्याच्या मनात एक वस्तू आहे, तो फक्त हो किंवा नाही म्हणेल, तर कमीत कमी प्रश्नांत ती वस्तू कशी ओळखाल?

ते पान मी पुडीला लावलं नाही. कारण माझ्या दुकानात तर हा खेळ रोज चालायचा. एखादं लेकरू यायचं, मुठीत पैसे घट्ट धरलेले, आणि आईनं काय आणायला सांगितलं ते वाटेत सांडून आलेलं. मी आपली विचारत सुटायची, साखर का? चहापत्ती का? तेल का? अख्खं दुकान संपायचं तरी लेकरू मान हलवत उभं. पुस्तकात लिहिलं होतं, वस्तू विचारू नका, असा प्रश्न विचारा की निम्मं दुकान बाजूला पडेल. मग उरलेल्यातलं निम्मं. मला तर हे एकदम पटलं. दुसऱ्याच दिवशी मागच्या गल्लीतली एक चिमुरडी आली, विसरलेलीच.

"खायचं हाय का?"

"न्हाई."

निम्मं दुकान गेलं. मी खूश.

"मंग लावायचं हाय?"

"व्हय."

"अंगाला?"

"न्हाई."

"केसाला?"

"न्हाई."

"मंग काय डोक्याला लावता काय?"

पोरीनं विचार केला. "डोक्याच्या वर," म्हणाली.

मी बुचकळ्यात. आमचे मालक बाकावर चहा पीत होते, ते म्हणाले, "उद्या पोळा हाय. बैलाच्या शिंगाला रंग पाहिजे असंल तिला." पोरगी व्हय व्हय म्हणाली आणि रंगाची डबी घेऊन गेली.

आता मला तर फार लाज वाटली, पण शिकायलाही तिथंच मिळालं. निम्मं-निम्मं करणं ठीक, पण सगळ्याच वस्तू सारख्या शक्यतेच्या नसतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी शिंगाचा रंग हा पहिला प्रश्न असायला पाहिजे होता. मी दिवस न बघता प्रश्न विचारत होते, आणि वर फक्त माणसांच्याच डोक्यांचा विचार करत होते.

त्या पुस्तकाचा अभ्यास असा तुकड्यातुकड्यानं झाला. एक पान चुकून जिऱ्याबरोबर गेलं. मी ते परत आणायला गिऱ्हाइकाच्या दारात गेले, तर त्या बाईनं जिरं डब्यात ओतून कागद चुलीत घातलेला. म्हणून नाणेफेकीचं अर्धं प्रकरण मला आजही माहीत नाही. मधे मधे 'लॉग' नावाचं एक चिन्ह यायचं, त्याला मी उन्हाळाभर घाबरून होते. शेवटी शाळेतल्या बाई चहापत्ती घ्यायला आल्या तेव्हा पान पुढं केलं. त्या म्हणाल्या, "अहो, सोपं आहे. दुकान किती वेळा निम्मं केलं की एकच वस्तू उरते, तेवढा हा आकडा. बत्तीस वस्तू असल्या तर पाच वेळा." झालं. आम्ही दोघींनी बरण्या मोजून करूनही बघितलं. त्या बाईंना मी त्या दिवशी चहापत्ती जरा हात सोडून दिली.

मालकांना मात्र या गणिताचा भारी राग. त्यांचं स्वतःचं गणित होतं. दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या की म्हणायचे, "आता तिसरी भरणार म्हंजी भरणार."

"जीपला काय ठाऊक मागच्या फेऱ्या कशा गेल्या ते?"

"जीपला न्हाई, पर देवाला ठाऊक हाय ना."

याच्यावर पुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं. असलं तर जिऱ्याच्या पानात असेल.

अशी वर्षं गेली, दोन हजार साल उलटलं, आणि सेनगावात टॉवर उभा राहिला. आमच्याकडं एक मोबाईल आला, तो दुकानात माझ्याजवळ असायचा. जावयांनी चराईला जाताना घरी एक घेऊन ठेवला. त्यांच्या गावात रेंज कुठंच नव्हती, फक्त शेळ्यांच्या वाड्यात एका मेढीपाशी, म्हणजे छपराच्या खांबापाशी, यायची. म्हणून तो फोन एका पिशवीत घालून त्या मेढीच्या खिळ्याला टांगलेला असायचा आणि खालून शेळ्या पिशवीचा कोपरा चघळायच्या. बोलण्याला पैसे पडायचे, उचलला नाही तर काहीच पडायचं नाही. मग काय, मी ठरवलं की माझ्या लेकीच्या बाळंतपणाचा निरोप मिस्ड कॉलवर आणायचा, आणि तोही शास्त्रानं.

नववा महिना लागायच्या आत मी व्याह्यांच्या घरी गेले आणि सगळ्यांना ओसरीवर बसवून समजावलं. रोजचा निरोप सगळ्यात सोपा ठेवायचा: सकाळी एक मिस्ड कॉल म्हणजे सगळं ठीक. काही आणून पाहिजे असेल तर दोन. आणि कळा लागल्या तर जीप येताना दिसेपर्यंत देतच राहायचे, मोजायचेच नाहीत.

"मोजायचे काहून न्हाईत?" विहीणबाईंनी विचारलं.

"कारण तीन ठरवले आन मधले दोन हवेत गेले तर इकडं एकच लागंल. आमी समजू सगळं ठीक हाय आन बसू चहा पीत. चूक व्हायची तर बारक्या निरोपात होऊ द्या. मोठा निरोप इतके वेळा सांगायचा की त्यातले निम्मे हरवले तरी कळला पाहिजे."

लेक हसत होती. विहीणबाईंना पटलं. व्याह्यांचा चेहरा मात्र पडला होता. व्याही म्हणजे सालस माणूस, डोक्याला पटका, बोलणं हळू. ते म्हणाले, "इहीणबाई, तुमचं समदं बराबर हाय. पर इवायाच्या घरी असं सारखं मिस कॉल देणं म्हंजी दारावर थाप मारून पळून गेल्यावाणी वाटतंय."

मी ते हसण्यावारी नेलं. तिथंच ध्यान द्यायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. ठरल्याप्रमाणं वाजू द्यायचा होता. पण मालक दुकानात होते. स्क्रीनवर व्याह्यांचं नाव दिसलं, यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि फोन उचलला.

"राम राम इवाई."

तिकडून व्याह्यांनाही मग ठेवता येईना. दोघं बोलले. जेवणं, पाणी, शेळ्या, नांदेडचा कापसाचा भाव. व्याह्यांचे पैसे गेले. मी म्हटलं, "अहो, उचलायचा नव्हता."

"इवायाचा फोन दारात वाजतोय आन म्या बघत बसू?"

"व्हय. तेच ठरलंय."

"तुझ्या पुस्तकात असंल ठरलेलं," म्हणाले.

शेवटी असं ठरलं की सकाळी फोन वाजायच्या वेळेला मालकांनी अड्ड्यावर जाऊन उभं राहायचं. मग घडी बसली. रोज सकाळी एक मिस्ड कॉल यायचा आणि माझा दिवस सुरू व्हायचा. एकदा दोन आले, मी लोणच्याची बरणी पाठवली, कारण विहीणबाईंना माझं लिंबाचं लोणचं आवडतं हे सगळ्यात जास्त शक्यतेचं होतं. निरोप आला की पाहिजे तर वातीचा कापूस होता, पण लोणचं ठेवून घेतलंय. नववा महिना सरत आला तसं मी मालकांना हिंगोलीच्या फेऱ्या बंद करायला लावल्या. आसपासच्या गावचीच वाहतूक करायची, हाकेच्या अंतरात राहायचं. ते कुरकुरले, पण राहिले. लेक त्यांचीही होती.

त्या दिवशी सकाळी एक मिस्ड कॉल आलेला होता. सगळं ठीक. दुपारी मालक दुकानाच्या मागच्या खोलीत जेवायला बसले होते, मी पुढं गिऱ्हाइकाला तूरडाळ मोजून देत होते, फोन यांच्या ताटाशेजारी. फोन वाजला आणि मी तराजू ठेवून आत जाईस्तोवर यांनी डाव्या हातानं उचललासुद्धा.

"राम राम इवाई. हौ, जेवायलाच बसलो हाय. तुमचं झालं का?" मग ऐकलं. "व्हईल, व्हईल. इकडं बरं हाय समदं. तिकडं पाणी कसं हाय?" पुन्हा ऐकलं. "आन शेळ्या? अरे वा. दोन्ही पाठी? बरं झालं." मग यांनी फोन कानापासून काढून बघितला, पुन्हा लावला. "हॅलो. इवाई. हॅलो." ताटाशेजारी ठेवून दिला. "पैसे सरले त्यांचे."

"काय म्हणले?"

"काळी शेळी व्याली म्हणं. दोन पाठी झाल्या, दोन्ही माद्याच."

"आन?"

"आन काय. 'आन दुसरं म्हंजी' म्हणले आन कटला."

मी उलटा फोन लावला. फोनमधली बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. म्हणजे कुणीतरी फोन मेढीवरून काढून घरात नेला होता.

"उठा," मी म्हटलं. "जीप काढा."

"काहून? शेळी व्याली म्हणून सांगायला केला असंल. शेळीवर जीव हाय त्यांचा."

"अहो, त्यांच्या वाड्यात बारा महिने शेळ्या व्यात असतात. कधी फोन आलता का?"

मालक घास हातात धरून थांबले.

"न्हाई," म्हणाले.

"ह्या माणसानं मोबाईल आल्यापासून भर दुपारी आपणहून बोलायचा फोन कवा केला होता?"

"न्हाई केला."

"मंग जे कधीच होत न्हाई ते आज झालंय. ते काय बोलले ते सोडा. त्यांनी फोन केला, हाच निरोप हाय."

"आन गेलो आन शेळीच निघाली तर? आता जीप भरून राहिलीय. अड्ड्यावरचा नंबर जाईल, लोक हसतील ते येगळं."

"हसू द्या. शेळी निघाली तर नंबर जाईल. न्हाई गेलो आन लेक निघाली तर काय जाईल?"

त्यांनी ताटात हात धुतला. एवढा वेळ मी बोलत होते, पण ते उठले ते माझ्या गणितानं नाही. पहिल्या वेळचा लेकीचा चेहरा त्यांनाही आठवत होता, हे मला कळलं.

जीप खरंच भरलेली होती. जवळच्या एका गावी निघालेली माणसं, दोन म्हाताऱ्या, एक नवरा-बायको कोंबडी घेऊन, आणि मागं पाच-सहा बाप्ये. मालकांनी सांगितलं, "उतरा समदे. लेकीचं बाळंतपण हाय." कुणी उतरेना. एक म्हातारी म्हणाली, "आमी उतरून काय करावं? तुमी जा. आमी येतो संगं. बाईमाणूस लागतंय." मागचे बाप्ये म्हणाले, "आमी लटकून येतो." वाद घालायला वेळ नव्हता. मी पुढं बसले आणि सगळी वरात व्याह्यांच्या गावाकडं निघाली. खडीच्या रस्त्यावर कोंबडी ओरडायची, आणि म्हातारी मागून विचारायची, पहिली कळ कवा आली? मी म्हणायची, ठाऊक न्हाई. दुसरी म्हातारी विचारायची, मंग तुमाला कळा आल्याचं कुणी सांगितलं? मी म्हटलं, कुणीच न्हाई. मी मनातल्या मनात शेळीच निघाली तर काय बोलायचं त्याची तयारी करत होते, आणि देवाला म्हणत होते, शेळीच निघू दे, लोक जन्मभर हसू दे.

व्याह्यांच्या दारात जीप थांबली. लेक ओसरीच्या खांबाला धरून उभी. तोंड घामानं भिजलेलं. विहीणबाईंच्या हातात गाठोडं तयार. व्याही पुढं आले, आमच्या मालकांना त्यांनी दोन्ही हातांनी राम राम केला, मागच्या बाप्यांनाही केला.

"या, या. बसा. चहा टाकायला सांगतो."

"मामंजी," लेक दात दाबून म्हणाली, "चहा नको."

तिला धरून जीपमध्ये चढवलं, विहीणबाई गाठोडं देऊन नातीजवळ घरी थांबल्या. म्हाताऱ्यांनी मधली सीट मोकळी केली, कोंबडी एका बाप्याच्या काखेत गेली, बाकीचे बाप्ये उतरून रस्त्यानं चालायला लागले. आपणहून, कुणी सांगितलं नाही. व्याही पुढच्या सीटवर माझ्या आणि मालकांच्या मधे दाटीवाटीनं बसले. गाडी सुटल्यावर मालकांच्यानं राहवेना.

"इवाई, कळा लागल्यात हे फोनवर आधी काहून न्हाई सांगितलं?"

"तेच सांगायला केलता."

"मंग शेळी काहून सांगितली?"

"तुमी शेळ्यांचं विचारलं. न सांगावं तर कसं दिसंल?"

"मिस कॉल द्यायचे ठरले होते ना," मी म्हटलं. "जीप दिसेपर्यंत."

व्याह्यांनी खाली मान घातली. "एवढी मोठी गोष्ट. इवायाला अशी दारावर थापा मारून कळवावी? म्हटलं, रीतसर फोन करावा. राम राम करावा, खुशाली इचारावी, मंग सांगावं. खुशालीतच पैसे संपले." मग म्हणाले, "फोन बंद पडला तवा म्या बैलगाडी जुंपायला गेलो. तेवढ्यात तुमची जीप दिसली. म्हटलं, ह्यांना कसं कळलं?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मग गिअर बदलला.

मागून लेक कण्हली. म्हातारी तिची पाठ चोळत म्हणाली, "फोनचं बोलणं मागनं करा. आता गाडी चालवा."

हिंगोलीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेरच्या गर्दीतून आत चालल्या होत्या. त्यांनी लेकीला ओळखलं की नाही ठाऊक नाही, पण मी पहिल्या खेपेचं सांगितलं तसं त्यांनी लगेच आत घेतलं. "वेळेत आणलंत," एवढं म्हणाल्या. दार बंद झालं.

आम्ही बाहेर फरशीवर बसलो. म्हाताऱ्याही बसल्या, त्यांना आता त्यांच्या गावी सोडल्याशिवाय जाता येत नव्हतं आणि जायचंही नव्हतं. कोंबडीवाले नवरा-बायको बिचारे कोपऱ्यात. ऊन उतरलं. आतून कधी आवाज यायचा, कधी यायचा नाही. आवाज आला की मला भीती वाटायची आणि आला नाही की त्याहून जास्त वाटायची. त्या वेळी मला एकही शक्यता काढता आली नाही, हे खरं सांगते.

मग लेकराच्या रडण्याचा आवाज आला आणि सगळे उठून उभे राहिले. बऱ्याच वेळानं नर्स बाहेर आली, हातात कसला तरी ट्रे, घाईत. तिच्यामागं सगळे धावले. "पोरगा का पोरगी?" मालकांनी विचारलं, व्याह्यांनी विचारलं, म्हातारीनं विचारलं. नर्स थांबायला तयार नव्हती, एकाच प्रश्नाचं उत्तर देऊन ती पुढं जाणार हे तिच्या पायांवरूनच दिसत होतं. मी दोघांना कोपरानं बाजूला केलं.

"बाई, लेक कशी हाय?"

नर्स थांबली. "बरी आहे. रक्तस्राव काही जास्त नाही. बसलीये उठून, चहा मागतेय," म्हणाली आणि वळून गेली.

मालक टोपी काढून पुसायला लागले, घाम टोपीला आला नव्हता तरी. मी सरळ दवाखान्यासमोरच्या टपरीवर गेले. साखर जास्त टाकून एक चहा द्या म्हटलं, बाळंतिणीला पाहिजे. टपरीवाल्यानं गाळता गाळता विचारलं, "काय झालं बाई? मुलगा का मुलगी?"

"थांबा," मी म्हटलं, "इचारून येते."